राग गिळायला शिकवू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी सहा ते आठ मुलांचा वर्ग चालतो. त्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने त्याच्याच शाळेतल्या, त्याच्याच तुकडीतल्या मुलाच्या डोक्यात कंपासपेटी घातली. रक्त आलं. आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणालो, "बाबासाहेबांच्या फोटोसमोर मारामारी करतोस? लाज नाही वाटत?" तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

पाचव्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. आई मॉलमध्ये हाऊसकीपिंगला, ती रात्री साडेनऊला येते. वडील नाक्यावर. दारात धाकटी बहीण होती, तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी शाळेत शिष्यवृत्तीची कागदपत्रं गोळा करायची होती. शिक्षकांनी वर्गात हाक दिली, "सरकारचं फुकट खाणारे उभे राहा." मग यादी हातात घेऊन नावापुढची जात मोठ्याने वाचली. वर्ग हसला. हसणाऱ्यांत आपला तो दुसरा मुलगाही होता. त्याच्या आडनावावरून जात कळत नाही, यादीत त्याचं नाव अजून चढलं नव्हतं, म्हणून तो बाकावर बसून राहिला आणि बाकीच्यांबरोबर हसला. कंपासपेटी त्या हसण्याला होती.

म्हणजे एकाच दिवशी त्या मुलाला दोनदा सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. दुपारी शाळेने, संध्याकाळी आम्ही. शाळेने जात विचारली, आम्ही लाज विचारली. त्याला या दोन्हींत फार फरक वाटला नसणार.

मित्रांनो, मैत्रिणींनो, आज महाराष्ट्रात जिथे जिथे विहार आहे तिथे तिथे कुणी ना कुणी तरुण अशी अभ्यासिका, असा वर्ग चालवण्याची धडपड करतो आहे. गणित, इंग्रजी, नवोदयची तयारी, शिष्यवृत्ती परीक्षा. हे हवंच, यावर वाद नाही. पण मूल शाळेतून येताना दप्तरासोबत आणखी काय काय घेऊन येतं, ते उतरवून ठेवायला आपल्या विहारात जागा आहे का? आमच्याकडे नव्हती. आम्ही वह्या तपासत होतो.

त्याच सुमारास एका कंपनीच्या सीएसआर निधीतून एक संस्था वस्तीत आली. आठ शनिवार, दोन प्रशिक्षक मुली, एक रंगीत कीट. कीटमध्ये चेहऱ्यांचा तक्ता होता: हसरा, रडका, रागीट, घाबरलेला, शांत. 'सामाजिक-भावनिक शिक्षण' असं त्याचं नाव. त्या दोघी मनापासून काम करत होत्या, हे आधीच सांगतो. मुलांशी खाली सतरंजीवर बसून बोलत, आमच्यासारखं खुर्चीवरून नाही. तिसऱ्या शनिवारी विषय होता राग. राग आला की डोळे मिटायचे, खोल श्वास घ्यायचा, दहापर्यंत आकडे मोजायचे. सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. "ताई, दहापर्यंत मोजलं आणि ते परत तेच बोलले तर?" प्रशिक्षक ताई गडबडली. म्हणाली, "मग पुन्हा मोजायचं." मुलं खो खो हसली. मागे उभे असलेले आम्हीही हसलो.

रात्री विचार केला तेव्हा हसू आलं नाही. कारण त्या मुलीच्या प्रश्नाला आमच्याकडे तरी काय उत्तर होतं? त्या ताईने निदान श्वास घ्यायला सांगितलं. आम्ही लाज वाटून घ्यायला सांगितलं होतं.

आमचा आक्षेप श्वासाला नाही. श्वासावर लक्ष ठेवायला या भूमीत तथागतांनी शिकवलं, ते आपल्याला कुठल्या कीटमधून घ्यायची गरज नाही. आक्षेप आहे तो तिथेच थांबण्याला. मुलाचा राग हा त्याच्या स्वभावातला दोष आहे, तो शांत झाला की काम झालं, असं एकदा गृहीत धरलं की शिक्षक सुटतो, शाळा सुटते, यादी मोठ्याने वाचण्याची पद्धत सुटते. उरतं ते एकटं मूल आणि त्याचे दहा आकडे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांना 'सोसा' असंच सांगितलं गेलं. तेव्हा त्याला कर्म म्हणत, आता त्याला कौशल्य म्हणणार असाल तर आम्हाला बोलावं लागेल.

पण इथे आपल्यातल्या काहींची गाडी लगेच दुसऱ्या रुळावर जाते. "हे सगळे उच्चवर्णीय, श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्या पोरांना मार्क पाहिजेत." हे ऐकलं की आम्हाला विचारावंसं वाटतं, ही कल्पना आली कुठून हे कधी पाहिलंत का? अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात १९६८ साली जेम्स कोमर नावाच्या कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञाने दोन सरकारी शाळांत काम सुरू केलं. तिथली बहुतेक मुलं गरीब, कृष्णवर्णीय, निकालात तळाला. कोमरची स्वतःची आई लोकांच्या घरी कामाला जायची, वडील पोलाद कारखान्यात मजूर होते. मुलांना शिस्त लावण्याआधी त्यांनी शाळेतल्या मोठ्यांना एका टेबलाभोवती बसवलं: मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक. शाळेचे निर्णय या सगळ्यांनी मिळून घ्यायचे, एकमेकांवर दोष ढकलायचा नाही, असं ठरलं. मुलाचं वागणं हे मोठ्यांच्या नात्यांतून घडतं, म्हणून आधी ती नाती दुरुस्त करायची, हा त्यांचा आग्रह. पुढे १९९४ मध्ये 'कासेल' ही संस्था निघाली आणि तिने पाच गोष्टींची चौकट मांडली. स्वतःला ओळखणं, स्वतःला सांभाळणं, दुसऱ्याला समजून घेणं, नाती जोडणं आणि जबाबदारीने निर्णय घेणं. या चौकटीचा फोटोकॉपीचा फोटोकॉपी आमच्या वस्तीत पोचला तेव्हा त्यातली फक्त 'स्वतःला सांभाळणं' एवढीच ओळ वाचता येत होती. मोठ्यांनी बदलायचं ते पान वाटेतच गळालं.

तेव्हा कल्पना वरच्यांची नाही. ती दबलेल्यांच्या शाळेत वाढली आणि मग वरच्यांनी तिला इस्त्री केली.

शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांबद्दल तर अभ्यासही झाला आहे. २०१० मध्ये जोसेफ डरलॅक, रॉजर वाइसबर्ग आणि मॉली पाचन या तिघांनी अमेरिकेतल्या अशा ६९ कार्यक्रमांचे निकाल एकत्र करून पाहिले. चांगल्या कार्यक्रमांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास वाढला, शाळेशी नातं सुधारलं, वागणं सुधारलं आणि मार्कही वाढले. मार्क पाहिजेत म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पण सगळ्याच कार्यक्रमांत हे घडलं नाही. एक पायरी झाल्यावर दुसरी अशा क्रमाने शिकवलं, भाषण न देता मुलांकडून करून घेतलं, त्यासाठी वेगळा वेळ राखला आणि नेमकं काय शिकवतो आहोत हे ज्यांना स्पष्ट होतं, त्यांनाच फळ मिळालं. बाकीच्यांना जवळजवळ काहीच नाही. नुसतं 'मुलं आमच्याकडे संध्याकाळी येतात, चांगल्या वातावरणात राहतात' एवढ्याने काही होत नाही. आमचा वर्ग या दुसऱ्या गटात मोडत होता, हे कबूल करायला आम्हाला बरेच महिने लागले.

बरं, अमेरिका सोडा. जुलै १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या पहिल्या कामांत काय होतं? १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह. तिथली मुलं 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवत. (नावाला हसू नका. बावीस प्रतिज्ञांना अजून एकतीस वर्षं होती.) मुंबईत मोफत वाचनालय. आणि महार हॉकी क्लब. हो, हॉकी. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याची उभारणी चालू होती, पैशाची चणचण होती, आणि सभा पोरांच्या हातात हॉकीच्या काठ्या देत होती. का? कारण शाळेच्या आणि कामाच्या बाहेरचे तास रिकामे राहिले की ते जुगार आणि दारू भरून काढतात, हे त्या पिढीला माहीत होतं. हॉकीत पास द्यावा लागतो, हरावं लागतं, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यावा लागतो. मासिक चालवायचं तर दुसऱ्याचा लेख वाचावा लागतो, आपला नाकारला गेला तर सोसावं लागतं. आज ज्याला सामाजिक-भावनिक कौशल्यं म्हणतात ती याहून वेगळी काय आहेत?

त्याही आधीचं उदाहरण मुक्ता साळवे. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो निबंध आपण चळवळीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. एकदा शाळकरी मुलीचं लिखाण म्हणूनही वाचा. तिने स्वतःचं दुःख ओळखलं, त्याला शब्द दिले, ते आपल्या एकटीचं नाही हे पाहिलं, त्यामागचं कारण शोधलं आणि ते कारण चारचौघांत विचारलं. कुणीतरी तिला आधी ऐकून घेतलं असणार, म्हणूनच तिला हे सांगता आलं.

यातून आमच्या लक्षात आलं ते एवढंच. मुलाला भावना ओळखायला शिकवायचं, पण त्या भावनेचं कारण शोधायलाही शिकवायचं, आणि मग चार जणांना सोबत घेऊन त्या कारणावर काही करायलाही. यातली पहिली पायरी सोडली तर मूल कंपासपेटी मारतं. पुढच्या दोन सोडल्या तर ते दहापर्यंत मोजत बसतं.

आम्ही सुरुवात शब्दांपासून केली, कारण मुलांकडे शब्दच नव्हते. काहीही झालं की "डोकं फिरलं", "बोअर झालं" किंवा "भारी". तीन शब्दांत सगळं आयुष्य. मग सांगितलं, घरी आजीला, आईला विचारून या, मनाला काय काय होतं त्याचे शब्द. आजीलोकांनी कमाल केली. हिरमुसणं, ओशाळणं, धास्ती, खंत, हुरहूर, भेदरणं, चीड, जळफळाट, कानकोंडं होणं, गहिवरणं, जीव टांगणीला लागणं. आम्ही सगळे भिंतीवर लावले. त्या रंगीत तक्त्यात पाच चेहरे होते, आमच्या भिंतीवर साठाच्या वर शब्द झाले. एका मुलाने घरून आणलेल्या एका शब्दावरून वाद झाला, ती शिवी आहे की भावना. बहुमताने भावना ठरली.

एका शुक्रवारी फळ्यावर दोनच शब्द लिहिले. लाज आणि अपमान. मुलांना चिठ्ठ्या दिल्या, नाव न घालता एकेक प्रसंग लिहा आणि जो शब्द बरोबर वाटतो त्याच्याखाली चिकटवा. फी उशिरा भरली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं: लाज. आई कचऱ्याच्या गाडीवर काम करते हे मित्रांना कळलं: लाज. मैत्रिणीच्या आजीने वेगळ्या ग्लासात पाणी दिलं: लाज. वाढदिवसाला फक्त मला बोलावलं नाही: लाज. कॉपी करताना पकडलं: लाज. सगळ्या चिठ्ठ्या एकाच बाजूला. अपमानाखाली फळा कोरा.

आम्ही काही बोललो नाही. फक्त एकेक चिठ्ठी वाचून विचारत गेलो, यात चूक कुणाची? पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्यांना वेळ लागला. ग्लासाच्या चिठ्ठीपाशी कुणीतरी म्हणालं, "त्या आजीची." ती चिठ्ठी उचलून पलीकडे गेली. मग दुसरी. मग फीची. कचरागाडीच्या चिठ्ठीवर वाद झाला, कारण त्यात कुणी काही बोललंच नव्हतं, मुलाला आपोआप वाटलं होतं. "मग ते वाटायला कुणी शिकवलं?" असं आठवीतल्या मुलीने विचारलं, आणि तीही चिठ्ठी गेली. शेवटी लाजेखाली कॉपीची एकच उरली. चौथीतली एक मुलगी फळ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाकीची आपली नव्हतीच."

जात नावाची व्यवस्था मुलाच्या मनात नेमकं काय करते हे आम्हाला इतक्या वर्षांच्या वाचनातून समजलं नव्हतं तेवढं त्या फळ्यावरून समजलं. ती दुसऱ्याची चूक आपल्या खात्यावर लिहायला लावते. म्हणून आमचं "लाज नाही वाटत?" इतकं जिव्हारी लागलं होतं.

आता आपल्यातला दुसरा आक्षेप. "राग हेच तर चळवळीचं इंधन आहे. पँथर रागातून उभी राहिली. तुम्ही पोरांना थंड करता." हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. दलित पँथर १९७२ ला मुंबईत उभी राहिली आणि तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्या ब्लॅक पँथरने राग व्यक्त करण्यापलीकडे काय केलं ते आपण कमी सांगतो. १९६९ पासून त्यांनी गरीब मुलांना शाळेआधी मोफत नाश्ता दिला. पुढे ऑकलंडमध्ये १९७३ ते १९८२ स्वतःची शाळा चालवली. एरिका हगिन्स ही पक्षाची कार्यकर्ती, जिने तुरुंगात दिवस काढले होते, ती या शाळेची संचालक. तिथे मुलं ध्यानाला बसत, आणि एखाद्याने काही गैर केलं तर त्याचा विचार मुलांचंच मंडळ करत असे. पोलिसांच्या बंदुकीसमोर उभं राहिलेल्या लोकांना मुलांना शांत बसायला शिकवण्यात चळवळीचा द्रोह वाटला नाही. आपल्यालाच का वाटावा?

रागाला दिशा नसली की तो कुठे जातो, हे आपण पाहिलेलं नाही का? तो बायकोवर जातो, बाटलीत जातो, दुसऱ्या गटाच्या जयंतीच्या मिरवणुकीवर जातो, फेसबुकवर आपल्याच कार्यकर्त्याच्या अंगावर जातो. ज्याने अपमान केला त्याच्यापर्यंत तो क्वचितच पोचतो. आमच्या त्या मुलाची कंपासपेटीसुद्धा यादी वाचणाऱ्या शिक्षकाला लागली नाही. आपल्यातल्याच एका घाबरलेल्या मुलाला लागली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमच्या म्हणण्याचा भलताच उपयोग होईल. २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. अशा प्रत्येक मृत्यूनंतर 'ही मुलं मनाने कमकुवत असतात, ताण झेपत नाही' अशी कुजबुज सुरू होते. आम्ही लहानपणी मुलांच्या मनावर काम करा म्हणतो ते या कुजबुजीला दुजोरा देण्यासाठी नाही. त्या मृत्यूंची जबाबदारी संस्थांची आहे आणि ती मागत राहिलीच पाहिजे. पण आपली मुलं उद्या त्याच संस्थांत जाणार आहेत, आणि संस्था त्याआधी सुधारतील याची हमी कुणी दिलेली नाही. अपमान झाला की तो आपला दोष नाही हे कळणं, ते कुणालातरी सांगता येणं, आणि सांगायला माणसं असणं, एवढं तरी आपण सोबत देऊ शकतो. ते न देता 'साहेब हो, कलेक्टर हो' म्हणून पाठवणं हा आमच्या मते निष्काळजीपणा आहे.

मुलांचं मंडळ आम्हीही करून पाहिलं. पहिला अनुभव भयंकर होता. पाटी फोडली म्हणून पाच न्यायाधीशांनी एका मुलाला पन्नास उठाबशा दिल्या, त्याही कान धरून, दारात. आम्ही थांबवलं तर म्हणाले, "सर पण असंच करतात." न्याय म्हणजे शिक्षा हे त्यांनी शाळेकडून आणि आमच्याकडूनच घेतलं होतं. मग आम्ही बुद्धांनी लहानग्या राहुलला दिलेला उपदेश काढला. आरसा कशासाठी असतो, बघण्यासाठी. तसं काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं, याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होतं का. चुकलं असेल तर ते जाणत्यापुढे सांगून टाकायचं आणि पुढे सावध राहायचं. यात शिक्षा नाही. मंडळाला आता तीनच प्रश्न विचारायची परवानगी आहे: काय झालं, कुणाला काय वाटलं, आता काय केलं की बरं वाटेल. अजूनही अधूनमधून उठाबशांची मागणी येते.

कंपासपेटीचं प्रकरणही शेवटी याच मंडळापुढे आलं. त्याआधी आम्ही त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण दटावलंही सगळ्यांसमोरच होतं. हसलेला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी हसलो नसतो तर त्यांना कळलं असतं." त्यावर मारणारा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघं एकत्र आले. यादीबद्दल आम्ही चार पालक आणि आठवीतली दोन मुलं घेऊन मुख्याध्यापकांना भेटलो. अर्ज मुलांनीच लिहिला होता. आता कागदपत्रं ऑफिसात एकेकाला बोलावून घेतात. ते शिक्षक अजून तिथेच आहेत, त्यांची जीभही तीच आहे. सगळं जिंकलं असं सांगायचं नाही. पण दहापर्यंत मोजल्यावर पुढे काय, या त्या सहावीतल्या मुलीच्या प्रश्नाला एक उत्तर तिने डोळ्यांनी पाहिलं.

आणि आता जे बोलायचं आहे ते आपल्याच लोकांना कडू लागेल.

आमच्या वर्गात मातंग समाजातला एक मुलगा यायचा. तो यायचा थांबला कारण आपल्या मुलांनी त्याला जातीवरून चिडवलं. जो शब्द शाळेत आपल्याला टोचतो त्याच जातीचा शब्द आपल्या पोरांनी विहाराच्या पायरीवर त्याला मारला. आमची पहिली प्रतिक्रिया? "आपल्यात असं नसतं." असं म्हणून आम्ही विषय मिटवला. मिटवला म्हणजे तो मुलगा गेला आणि आम्ही शांत झालो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता सहजपणे नांदणार नाहीत, त्या राखायला शिपाई उभा करावा लागेल. हे वाक्य आपण दर २६ नोव्हेंबरला व्यवस्थेला ऐकवतो. विहाराच्या पायरीला कधी ऐकवणार? संध्याकाळचा वर्ग फक्त बौद्ध मुलांचा असेल तर तिथे बंधुतेचं भाषण होईल, बंधुता शिकता येणार नाही. ती शिकायला मातंग, पारधी, मुस्लिम, भटक्यांची मुलं त्याच सतरंजीवर लागतात. आणि त्यांना आल्या आल्या 'जय भीम' म्हणायची सक्ती करू नका. आधी माणूस म्हणून आपलेपणा वाटू द्या, 'जय भीम' ती आपणहून म्हणतील किंवा नाही म्हणणार. कोलंबियात बाबासाहेब ज्या जॉन ड्यूईंच्या हाताखाली शिकले, त्यांचा आणि बाबासाहेबांचाही मुद्दा हाच होता की लोकशाही म्हणजे फक्त राज्य चालवण्याची पद्धत नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे. रीत अंगवळणी पडते, पाठ होत नाही.

दुसरं, मुली. वर्ग सुटल्यावर विहार झाडतं कोण? पाहुणे आले की चहा कोण आणतं? चौदा एप्रिलला भाषण कोण करतं? आम्ही महिनाभर वहीत नोंद ठेवली आणि वही आम्हालाच दाखवायला संकोच वाटला. आता झाडण्याची पाळी लागते. एका मुलाच्या आईने येऊन तक्रार केली, माझ्या पोराला झाडू का दिला. तिच्याशी भांडलो नाही. तिच्या हातात दिवसभर झाडूच असतो, पोराच्या हातात तिला तो नको आहे, हे समजू शकतो. पण मग तो तिच्या मुलीच्या हातात तरी का असावा, एवढं बोललो. ती विचार करत गेली.

तिसरं, आपण मुलांना जयंतीच्या भाषणापुरतं वापरतो. सहा वर्षांच्या पोराला निळा कोट घालून, चष्मा लावून, पाठ केलेलं भाषण म्हणायला लावतो आणि टाळ्या वाजवतो. त्याला त्या आठवड्यात काय झालं हे कुणी विचारलेलं नसतं.

एक सावधगिरी. मुलांना बोलायला जागा दिली की ती बोलतात, आणि कधी कधी असं काही सांगतात की ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. घरातली मारहाण, नात्यातल्या माणसाने केलेला अत्याचार. अशा वेळी वस्तीतल्या चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवायचं नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, तो नंबर मुलांना पाठ असावा, भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. आपला समाज बदनाम होईल म्हणून गप्प बसणारा कार्यकर्ता कुणाच्या बाजूने उभा असतो ते त्याने स्वतःला विचारावं.

शेवटचा मुद्दा पैशाचा आणि माणसांचा, आणि तोच सगळ्यांत अवघड. हे काम रोज तेच माणूस हजर असल्याशिवाय होत नाही. आपले वर्ग चालवतात कोण? एमपीएससीची तयारी करणारी, पार्ट टाइम नोकरी करणारी पोरं-पोरी. परीक्षा आली की जातात. त्यांचा दोष नाही. पण आमच्या तिसरीतल्या एका मुलीने नव्या ताईला पहिल्याच दिवशी विचारलं, "तू कधी जाणार?" दीड वर्षात चार ताया-दादा बदलले होते. त्या मुलीला नात्यांबद्दल आम्ही काय शिकवलं? हेच की माणसं जातात, आणि सांगूनही जात नाहीत. आता निदान निरोपाचा दिवस ठेवतो. पण खरा उपाय मानधन देऊन एक ताई कायम ठेवणं हा आहे. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात तिचं कित्येक महिन्यांचं मानधन निघतं. यंदाच्या जयंतीच्या मीटिंगला आम्ही हा ठराव मांडला. नऊ विरुद्ध चौदा असा पडला. पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार आहोत, आणि तोवर त्या पाच जणांच्या घरी जाऊन चहा पिणार आहोत.

तो सातवीतला मुलगा आता आठवीत आहे. मंगळवारी आणि गुरुवारी लहान मुलांना गणिताचे पाढे तो घेतो, आणि ओरडतो फार. मंडळापुढे त्याची तक्रार आली आहे. त्या दोन दिवसांसाठी आम्हाला एक मोठं माणूस हवं आहे, सहा ते आठ. गणित आलं नाही तरी चालेल. मात्र किमान एक वर्ष यायचं, आणि जाताना सांगून जायचं.